पावसात लाईट जाते तिथे सोलर: बॅटरी किती, कुठली आणि कशासाठी?

चिरेबंदी (धागाकर्ता)
घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. जुना भाग मंगलोरी कौलांचा, मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब. वापर महिन्याला ३०० युनिटच्या आसपास. जूनमध्ये वारा सुटला की कुठे तरी झाड तारेवर पडतेच. मग रात्रभर काळोख, आणि लाईट आलीच तर तास-दोन तास.

विक्रेते दोन तऱ्हांचे भेटतात. एक म्हणतो ३ किलोवॅट ऑन-ग्रिड (वीज खात्याच्या लाइनला, म्हणजे ग्रिडला जोडलेले, बॅटरी नसलेले) घ्या, अनुदान मिळेल, बिल शून्य, बॅटरी म्हणजे पैसे पाण्यात. दुसरा म्हणतो हायब्रिड (पॅनेल, ग्रिड आणि बॅटरी तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर आणि १० युनिटची लिथियम बॅटरी, त्याखाली काही घेऊच नका. चालवायचे आहे ते असे: ७५ वॅटचे चार पंखे, फ्रीज, आठ-दहा एलईडी दिवे, राउटर, टीव्ही, बांयवरचा (विहिरीवरचा) १ एचपीचा पंप. एसी नाही. जाणकारांनी कृपया आकडे मांडून सांगावे.

व्होल्टमीटर
पहिल्या विक्रेत्याने एक गोष्ट गिळली आहे. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की बंद पडतो, भर दुपारी ऊन असले तरी. तो बिघाड नव्हे, तसाच तो बनवलेला असतो. खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छपरावरून आलेल्या करंटचा झटका बसू नये म्हणून. पुरवठा परत आल्यावरही तो काही वेळ थांबून लाइन स्थिर आहे ना ते बघतो, मगच जोडला जातो. दर दहा मिनिटांनी लाईट ये-जा करत असेल तर त्या दिवशी तो जवळपास काहीच तयार करत नाही.

म्हणजे ऑन-ग्रिडने बिल कमी होईल, काळोख नाही.

खाजनातला_खेकडा
थोडक्यात, लाईट गेली की सोलरही संपावर. युनियन मजबूत आहे.

तिसरी_फेज
आकडे मागितलेत, घ्या.

आधी पॅनेल. गोव्यात वर्षाची सरासरी धरली तर १ किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट. ३ किलोवॅटचे १२, तुमचा वापर दिवसाला १०. वर्षाचे गणित जुळते. पण तुमच्या काळोखाच्या दिवसांचे जुळत नाही. जुलैच्या झडीत तेच ३ किलोवॅट दिवसाला ३ ते ५ युनिट देतात, अगदी दाट ढगात त्याहूनही कमी.

आता रात्र. नऊ तास लाईट नाही असे धरा. चार जुने पंखे: ४ × ७५ × ९ = २.७ युनिट. फ्रीज ०.४. दिवे आणि राउटर मिळून ०.३. एकूण ३.४. हेच पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केले की ३० वॅटचा एक, म्हणजे चौघांचे मिळून १.१ युनिट, आणि एकूण १.८. एका पंख्याला ३ हजारांच्या आसपास पडतात. १२ हजारांत रात्रीचे १.६ युनिट वाचले. तेवढीच बॅटरी विकत घ्यायला कितीतरी जास्त लागतात. पंखे आधी बदला, बॅटरीचा आकार नंतर ठरवा.

आणि एक खर्च कोटेशनमध्ये कधीच लिहीत नाहीत. ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर स्वतःच ५० ते ७० वॅट खातो, घरात काही चालू नसले तरी. रात्रीचे अर्धे युनिट तिथे गेले. १.८ चे २.३ झाले.

५१.२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-तास) म्हणजे ५.१ युनिटची बॅटरी. तिचा ९० टक्के वापर आणि इन्व्हर्टरमधली घट धरून हातात ४.२ येतात. तुमची दीड रात्र निघते. १० युनिटची गरज नाही.

डिस्टिल्ड_वॉटर
लिथियमचा एवढा गजर कशाला? १२ व्होल्ट १५० एएचच्या चार ट्यूब्युलर, म्हणजे शिशाच्या बॅटऱ्या लावा. ७.२ युनिट होतात, अर्ध्यापर्यंत वापरल्या तरी ३.६. गावातला कुठलाही बॅटरीवाला त्या तपासू शकतो, एक गेली तर एक बदलता येते, मोडीत शिशाचे पैसे येतात. लिथियममधले बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट) गेले की अख्खा डबा कंपनीकडे, आणि तोही ऐन पावसात.

तिसरी_फेज
@डिस्टिल्ड_वॉटर, दुरुस्तीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण धागाकर्त्याने "लाईट आलीच तर तास-दोन तास" असे लिहिले आहे, आणि निर्णय त्या वाक्यावर आहे.

१५० एएच ट्यूब्युलरला १५ अँपिअरने चार्ज करायचे, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने. अर्धी रिकामी झालेली भरायला सहा-सात तास, आणि शेवटचे वीस टक्के तर मुंगीच्या पावलाने. दोन तासांच्या लाईटमध्ये तिच्यात पाव भरही पडत नाही. सलग चार-पाच दिवस असेच गेले की ती अर्धवट चार्जवर राहते, प्लेटांवर सल्फेट जमते आणि पुढच्या पावसाळ्यात तीच बॅटरी निम्मी झालेली असते. ५.१ युनिटची लिथियम ५० अँपिअर आरामात घेते, म्हणजे सुमारे २.६ किलोवॅट. दोन तासांत जवळजवळ पूर्ण, आणि अर्धवट राहिली तरी तिचे काही बिघडत नाही.

म्हणून तुम्ही बॅटरी विकत घेता ती उन्हाळ्यातले ऊन साठवायला नव्हे, पावसातले ते दोन तास साठवायला. जून ते सप्टेंबर तिला ग्रिडवरूनच चार्ज करायचे, सूर्य देईल ते वरकड.

माटोळी
हे कुणीच सांगत नाही! चवथीत रोषणाईचा भार वाढतो आणि त्याच दिवसांत पावसाने पॅनेल झोपलेले. वाचनखूण साठवली.

डिस्टिल्ड_वॉटर
सल्फेटचे बरोबर आहे. पण मग हेही लिहा: २.६ किलोवॅट म्हणजे लाइनमधून १२ अँपिअर जास्तीचे. ट्रान्सफॉर्मरपासून लांब, शेवटच्या खांबावरच्या घरात आधीच १८५ व्होल्ट येत असतील तर हा भार पडताच १७० होतील. इन्व्हर्टर लाइन सोडेल, व्होल्टेज वर येईल, तो परत जोडेल, परत सोडेल. बसा रिले मोजत.

व्होल्टमीटर
अगदी खरे. यावर दोन सेटिंग आहेत. एक, ग्रिड चार्जिंगचा करंट ५० वरून २० अँपिअरवर आणा. दोन, ग्रिडची मर्यादा "यूपीएस" या पर्यायावर असते ती "अप्लायन्स" वर करा. पहिल्या पर्यायात तो साधारण १७० च्या खाली लाइन सोडतो, दुसऱ्यात ९० पर्यंत धरून ठेवतो. मात्र "अप्लायन्स" वर ठेवले की तेच पडके व्होल्टेज तुमच्या फ्रीजलाही मिळते, तेव्हा फ्रीजचा स्टॅबिलायझर काढून टाकू नका. नेट मीटरवर (येणारी-जाणारी वीज मोजणाऱ्या मीटरवर) निर्यात करत असाल तर ही मर्यादा वीज खात्याच्या नियमांत बसावी लागते, ती एजन्सीकडूनच लावून घ्या.

सोलकढी
बॅटरी राखीव किती ठेवायची याचेही सेटिंग असते ना?

तिसरी_फेज
हो, आणि वर्षातून दोनदाच हात लावायचा. मेच्या अखेरीला राखीव ८० टक्के करा, ग्रिड चार्जिंग चालू. म्हणजे लाईट असताना बॅटरी ८० च्या खाली उतरतच नाही, सगळी काळोखासाठी. दसऱ्याच्या सुमारास राखीव २५-३० वर आणा, ग्रिड चार्जिंग बंद. मग दिवसा उन्हाने भरते, संध्याकाळी घर तिच्यावर चालते.

महिन्यातून एकदा मात्र १०० टक्के भरू द्या. या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या पट्ट्यात सपाट असते, सेलमागे ३.२ ते ३.३. त्यावरून किती शिल्लक ते ओळखता येत नाही. बीएमएस येणारा-जाणारा करंट मोजत बसते आणि हळूहळू हिशेब चुकतो. पूर्ण भरली की हिशेब नव्याने सुरू होतो, सेलही एका पातळीवर येतात. हे केले नाही तर ॲपवर ४० टक्के दिसत असताना रात्री दोन वाजता सगळे ठप्प.

व्होल्टमीटर
त्याला जोडून: बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यात कॅनची केबल, म्हणजे दोघांत माहिती नेणारी, लावून घ्याच. दिसायला इंटरनेटच्या केबलसारखी असते, पण पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा. साधी लॅनची केबल खुपसली की संपर्क होत नाही, इन्व्हर्टर अंदाजाने चालतो आणि इन्स्टॉलर "चालू आहे ना" म्हणत निघून जातो. इन्व्हर्टरच्या पडद्यावर बीएमएसचे तापमान आणि टक्के दिसताहेत का ते त्याच्यासमोरच बघा.

नाइलाजाने विनाकेबल चालवायचेच असेल तर १६ सेलच्या संचाला चार्जिंग ५६ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवायचे) ५४, कट-ऑफ ४८. आणि इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणे) बंद. ते शिशाच्या बॅटरीसाठी असते, लिथियमवर चालू राहिले तर बीएमएस वरच्या व्होल्टेजला धडाधड तोडत राहील.

भाटकार_नव्हे
छपराबद्दल कोणी बोलेना. कौलांवर पॅनेल लावू नका, निदान कौलांच्या भरवशावर तरी नको. खालच्या रिपा आणि वासे त्या वजनाचा आणि वाऱ्याच्या ओढीचा विचार करून बसवलेले नसतात. दोन खोल्यांवर स्लॅब आहे तर तिथेच. ५४० वॅटचे एक पॅनेल साधारण २.२८ × १.१३ मीटर, वजन २८ किलोच्या घरात. सहा पॅनेलला फटी धरून २० चौरस मीटर लागतात. स्लॅबला भोके पाडून गळती ओढवून घेण्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवणे बरे. फक्त ठोकळे हलके नकोत, मेमधला वळवाचा वारा पॅनेल खालून उचलतो.

कल १० ते १५ अंश, तोंड दक्षिणेला. याहून चपटे ठेवले की खालच्या कडेला पाणी आणि माती साचते, आणि आपल्याकडे पाणी साचले म्हणजे शेवाळ आलेच. ती हिरवी पट्टी सेलच्या शेवटच्या ओळीवर चढली की पॅनेलचा मोठा भाग मंदावतो.

रानभेंडी
माडांचे काय? घरामागे माड नाहीत असे सत्तरीत घर दाखवा.

भाटकार_नव्हे
@रानभेंडी, मोजून बघायचे. डिसेंबरात दुपारचा सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवर असतो. पॅनेलच्या पातळीपासून माड ३० फूट उंच असेल तर दुपारी बारालाच सावली २४ फूट लांब उत्तरेला पडते. सकाळ-संध्याकाळ अर्थात त्याहून लांब. दक्षिणेचा माड त्रास देणार, उत्तरेचा फारसा नाही. साधारण मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उलट आपल्या उत्तरेला असतो, पण तेव्हा बहुतेक ढगच.

नारळ पडून काच फुटते ती गोष्ट वेगळीच. माड झुकलेला असेल तर पॅनेल हलवा, माड नव्हे.

खाजनातला_खेकडा
आणि माकडे? त्यांच्यासाठी कुठले सेटिंग?

भाटकार_नव्हे
वायर लोंबती ठेवू नका, एवढेच. सगळी पाइपात किंवा रेलच्या पोटात, अतिनील किरणांना टिकणाऱ्या टायने बांधून. लोंबती वायर म्हणजे त्यांना आमंत्रण.

तांब्याची_पट्टी
अर्थिंग! इतके प्रतिसाद झाले आणि एकानेही नाव काढले नाही.

जांभ्या दगडाची जमीन पावसात ओली असते तेव्हा अर्थ झकास येतो. मेमध्ये तीच जमीन कोरडी ठक्क होते आणि रोध कितीतरी पटीने वाढतो. नेमके मेमध्येच वळवाच्या विजा. म्हणून अर्थिंगची चाचणी एप्रिल-मेमध्ये करून घ्या, ५ ओहमच्या आत हवी. जुलैत घेतलेल्या आकड्यावर सही करू नका. तीन मीटरचा तांबे चढवलेला रॉड, भोवती बेंटोनाइट मातीचे मिश्रण. मीठ-कोळसा घालू नका, मीठ जीआयचा (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खाऊन टाकते. खड्डे वेगवेगळे: पॅनेलची चौकट आणि डीसी (पॅनेल-बॅटरीकडचा करंट), एसी (घरातला करंट), आणि वीजरोधक.

दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर (विजेने चढलेले व्होल्टेज झेलणारा), डीसीला आणि एसीला. त्याच्यावर छोटी हिरवी खिडकी असते. मोठी वीज कडाडून गेली की बघायचे. लाल झाली असेल तर कार्ट्रिज बदला, तोवर संरक्षण नाही.

डिस्टिल्ड_वॉटर
+१. आणि किनाऱ्याकडचे जे वाचत असतील त्यांना: नट-बोल्ट ३०४ स्टेनलेस स्टीलचे नव्हे, ३१६ चे. स्ट्रक्चरचे जस्त किमान ८० मायक्रॉन, आणि साइटवर कापले किंवा भोक पाडले तिथे जस्ताचा रंग लगेच. गंज नेहमी त्या भोकातून सुरू होतो. सत्तरीत खारा वारा नाही, तुमचे ३०४ वर भागेल.

सोलकढी
अनुदानाचे कोणी सांगेल का? हायब्रिडला मिळते का?

तिसरी_फेज
पीएम सूर्यघर योजना, फेब्रुवारी २०२४ ची. पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. ३ किलोवॅटला ७८ हजार, त्यापुढे वाढत नाही. पॅनेलच्या किलोवॅटवर मोजतात, बॅटरीचा खर्च त्यात धरत नाहीत. यंत्रणा ग्रिडला जोडलेली हवी, म्हणजे हायब्रिड चालतो पण निव्वळ ऑफ-ग्रिड नाही. पॅनेल देशी सेलचे, ज्याला डीसीआर म्हणतात, तेच हवे. कोटेशनवर "डीसीआर" हा शब्द आहे का ते वाचा. पैसे बसवून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर बँकेत येतात, तेव्हा आधी सगळी रक्कम तुमच्या खिशातून.

अवांतर: २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. सामान ७० टक्के आणि मजुरी ३० टक्के या हिशेबाने एकूण ८.९ टक्के पडतो. जुन्या दराचे १३.८ लावून कोणी कोटेशन देत असेल तर विचारा.

रानभेंडी
आमच्यासारख्यांचे काय, ज्यांच्याकडे ऑन-ग्रिड आधीच बसले आहे? ते मोडीत घालायचे का?

व्होल्टमीटर
नाही. हायब्रिड किंवा बॅटरी इन्व्हर्टर घेऊन त्याच्या बॅकअप बाजूला जुना ऑन-ग्रिड जोडता येतो. लाईट गेली की बॅटरी इन्व्हर्टर घरापुरते ग्रिड उभे करतो, जुना इन्व्हर्टर त्याला खरे समजून चालू राहतो. बॅटरी भरत आली की तो वारंवारता ५० वरून ५१-५२ हर्ट्झकडे नेतो आणि जुना हळूहळू थंडावतो. अटी दोन. नव्या इन्व्हर्टरची क्षमता जुन्याइतकी किंवा जास्त हवी. आणि बॅटरीने तेवढा चार्ज सोसला पाहिजे: ३ किलोवॅटचे ऊन ५ युनिटच्या बॅटरीत म्हणजे ६० अँपिअरच्या आसपास, तिच्या माहितीपत्रकात तेवढी परवानगी आहे का ते बघा. जनरेटरला मात्र ऑन-ग्रिड कधीही जोडू नका.

दोन टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसणारे लोक अजून आहेत. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. मेन स्विच पाडायचा राहिला तर तो करंट मीटरमधून मागे ट्रान्सफॉर्मरला जातो आणि पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊन तारेत उतरतो. चेंजओव्हर स्विच लावा.

चिरेबंदी
सर्वांना दंडवत. तर असे ठरवतो: पंखे बीएलडीसी, ५४० वॅटची सहा डीसीआर पॅनेल स्लॅबवर, ५ किलोवॅटचा हायब्रिड, ५.१ युनिटची एक बॅटरी. पंपही बॅकअपवर घेऊ का?

तिसरी_फेज
घेऊ नका. १ एचपी चालताना १.१ किलोवॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढतो. इन्व्हर्टर एकट्याला तो उचलेल, त्याच क्षणी फ्रीजचा कंप्रेसर सुरू झाला तर ओव्हरलोड. १००० लिटरची टाकी वर असेल तर लाईट असताना भरून ठेवा. पाणी वर चढवून ठेवले तीही साठवणच.

सहा पॅनेल एका माळेत: उघडे (भार न जोडता येणारे) व्होल्टेज साधारण २९७. सत्तरीतल्या डिसेंबरच्या पहाटे ३०५ पर्यंत, इन्व्हर्टरच्या ५०० च्या मर्यादेत निवांत. एप्रिलच्या दुपारी सेल ६५ अंशांवर गेले की पॅनेल ५४० चे ४६० वॅट देते, चालू व्होल्टेज २१५ च्या आसपास, तेही इन्व्हर्टरच्या पट्ट्यात. एक लक्षात ठेवा: एमसी४ च्या (पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या कनेक्टरच्या) नर-मादी जोड्या एकाच कंपनीच्या हव्यात. दोन कंपन्यांच्या एकमेकींत बसतात, पण आत नीट टेकत नाहीत आणि वितळतात.

तांब्याची_पट्टी
बॅटरीची केबल ३५ चौरस मिमी तांब्याची, शक्य तितकी आखूड. ५ किलोवॅटला ४८ व्होल्टवर ११० अँपिअरच्या आसपास जातात. बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच डीसीसाठी बनवलेला १२५ किंवा १६० चा फ्यूज. घरातला एसीचा एमसीबी तिथे लावणारे महाभाग असतात. डीसीची ठिणगी त्यात विझत नाही.

आणि जुन्या घरात न्यूट्रल तपासा. बॅकअपचे दिवे-पंखे वेगळे काढताना फेज वेगळा करतात आणि न्यूट्रल सगळ्या घराचा एकच राहतो. मग आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) उगाच पडत राहतो. सगळे बंद करून दोन न्यूट्रलमध्ये मल्टीमीटर लावा, बीप वाजला तर कुठल्यातरी जंक्शन बॉक्समध्ये ते एकत्र आहेत. तो बॉक्स सापडेपर्यंत इन्व्हर्टर जोडू नका. लाईट नसताना बॅकअपवरचे आरसीसीबीचे टेस्ट बटणही दाबून बघा. ते बटण आतल्या आत फरक निर्माण करते, त्यामुळे त्याने आरसीसीबी पडला म्हणजे उपकरण धडधाकट एवढेच कळते. न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ इन्व्हर्टरच्या आत पडते की नाही ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ती नसेल तर खरा दोष आला तरी आरसीसीबी पडणार नाही.

चिरेबंदी
न्यूट्रल नक्की एकच असणार, वायरिंग जुने आहे. आधी तेच सोडवतो. शेवटचा प्रश्न: बॅटरी कुठे? जुन्या भागात कोठीच्या खोलीत चिऱ्याची भिंत आहे, तिथे टांगली तर?

भाटकार_नव्हे
५० किलोचा डबा आहे. चिरा मऊ आणि भोकांचा, त्यात साधा फास्टनर फिरत राहतो, धरत नाही. टांगायचीच तर भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी, नाहीतर जमिनीपासून वीतभर उंच स्टँड. कोठीत वर लाकूड आणि कौले आहेत, शिवाय पावसात ओल. त्यापेक्षा स्लॅबच्या खोलीत, झोपायच्या जागेपासून लांब, चारही बाजूंनी फूटभर मोकळे सोडून. इन्व्हर्टरच्या पंख्याला बारीक जाळी बसवा, कुंभारीण माशी एका आठवड्यात मातीचे घर करते. आणि जिथून केबल आत जाते ते भोक ग्लँडने (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद करा. पाल आत शिरून सर्किटवर आडवी पडली तर वॉरंटीत बसत नाही.